आवाज कशाच्या मागं पळतोय ते आधी बघा: फोर बाय फोरवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं

पाऊस ओसरला की माझ्याकडं एकाच जातीचे प्रश्न येतात, गाडी खालनं वाजतेय, काय झालं असेल. मंडळी, नुसतं "वाजतेय" एवढ्यावरनं कुणालाच काही सांगता येत नाही. चार गोष्टी बघून कळवत जावा. आवाज इंजिनच्या रेसबरोबर वाढतो का गाडीच्या स्पीडबरोबर, अॅक्सिलरेटर सोडल्यावर काय होतं, वळणावर बदलतो का, आणि फोर बाय फोर (म्हणजे चारी चाकांना इंजिनची ताकद) टाकल्यावर काढल्यावर फरक पडतो का. एवढं कळलं की निम्मी गाडी आपोआप बाजूला पडते आणि पाना हातात घ्यायच्या आधीच आपण बरोबर जागेवर पोचलेलो असतो.

प्रश्न (राधानगरी): माझी जुनी जिप्सी आहे. भर पावसात दाजीपूरच्या बाजूला जाऊन आलो तेव्हापासनं हळू चालवताना चिमणीसारखा चिक चिक चिक आवाज येतो, ४० च्या पुढं गेलं की ऐकू येत नाही. मेकॅनिक म्हणतोय डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) खोलायला लागेल. खोलू का?

थांबा, अजिबात खोलू नका. चिमणीचा आवाज म्हटलं की पहिला संशय प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गाडीखालनं चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याच्या, टोकाला असलेल्या वाकत्या सांध्यावर, ज्याला क्रॉस म्हणतात. क्रॉसच्या चार टोकांवर चार कप असतात, कपात सुईसारखे बारीक रोलर, आणि त्यात ग्रीस. ओढ्यातनं गाडी घातली की ग्रीस धुऊन जातं, पाणी आत राहतं, रोलर गंजतात आणि कोरडे घासायला लागतात. ४० च्या पुढं आवाज जातो असं वाटतं ते फक्त टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजाखाली तो दबतो म्हणून, क्रॉस काय बरा झालेला नसतो.

खात्री करायची असेल तर खडू घ्या. टायरवर एक खूण, शाफ्टवर एक खूण, सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला टाकून दोघांना हळूहळू ढकलायला सांगा (एक जण स्टेअरिंगवर बसलेला पाहिजे, पाय ब्रेकजवळ) आणि तुम्ही बाजूनं चालत कान देऊन मोजा. चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट साधारण चार वेळा फिरतो, कारण डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन ह्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचा रेशो चारच्या आसपास असतो. एका फेऱ्यात आवाज एकदाच आला तर चाक, ड्रम नाहीतर अॅक्सलकडं बघायचं, चारदा आला तर शाफ्टकडं. ह्याला एक रुपया खर्च नाही आणि माझ्या मते कुठल्याही मशीनपेक्षा हे आधी करावं.

मग चारी चाकांना दगड लावून खाली जावा आणि शाफ्ट हातानं उलटसुलट पिरगळून बघा. कपाच्या कडेला लालसर भुकटी दिसली की तोच क्रॉस. जिप्सीला ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या शाफ्टला ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासनं वेगळी बसवलेली आहे, मधे एक छोटा शाफ्ट आहे, तो लोक हमखास विसरतात. मागचा पुढचा बघून झालं की तोही बघा.

आणि क्रॉस बदलताना एक गोष्ट स्वतः उभं राहून करून घ्या. शाफ्टचा सरकणारा भाग बाहेर काढायच्या आधी दोन्ही भागांवर पंचनं खूण मारायची आणि बसवताना खुणेला खूण. माझ्या गाडीला एका गॅरेजमधे ही खूण न करता शाफ्ट बसवला होता, दोन दाते इकडं तिकडं झाले, शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस धरणारे फोर्क एका रेषेत राहिले नाहीत आणि ५० ला सगळी गाडी थरथरायला लागली. मी दोनदा व्हील बॅलन्सिंग केलं, टायर अदलाबदल केले, महिनाभर झोप नव्हती मला. शेवटी खाली झोपून बघितलं तेव्हा दिसलं. एक क्रॉस दुसऱ्या क्रॉसचा झोला मारून टाकतो म्हणून शाफ्ट गुळगुळीत फिरतो, पण त्यासाठी दोघं एका ओळीतच पाहिजेत.

ग्रीस निप्पल असेल तर पाण्यातनं आलं की गन लावायची, चारी कपातनं नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत.

प्रश्न (शिरोळ): थारनं बंधाऱ्यावरच्या पाण्यातनं आलो, चाक निम्मं बुडेल एवढंच पाणी होतं. आठ दिवसांनी ५० ते ६० च्या स्पीडला मागनं घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, अॅक्सिलरेटर सोडला की कमी होतो. लांबचा प्रवास आहे, जाऊन येऊन दाखवलं तर चालेल का?

नाही दादा, आधी ऑइल बघा, मग प्रवास. हे मी कळकळीनं सांगतोय.

आणि बंधाऱ्यावर पाणी असताना गाडी घालत जाऊ नका. आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाणी अडवायला बांधलेत, वरनं वाहणाऱ्या पाण्यात कडा दिसत नाही आणि ओढ किती आहे ते आत गेल्यावरच कळतं. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला अजून काय सांगायचं.

आता आवाजाचं. लांबनं चालवून आल्यावर मागचं हौसिंग (डिफरन्शियलचं कवच) गरम असतं, आतली हवाही गरम. तसंच गार पाण्यात घातलं की हवा एकदम आकसते आणि बाहेरनं ओढून घेते, वरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर करायचं तोंड) चिखलानं बुजलेला असेल तर सीलच्या फटीतनं पाणीच आत ओढलं जातं. म्हणून पाणी "निम्मं चाक" एवढंच होतं ह्याला अर्थ नाही, हौसिंग बुडालं की पुरे. ऑइलमधे पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं, जास्त दुधाच्या चहासारखं. असं ऑइल दातांवर टिकत नाही.

अॅक्सिलरेटर दिल्यावर आवाज आणि सोडल्यावर कमी, म्हणजे ओढताना दातांची जी बाजू लोड घेते तिथं किंवा पिनियनच्या बेअरिंगमधे झीज सुरू झालीय. ड्रेन प्लग काढा, ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या. प्लगच्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा बारीक लेप असतोच, त्याला घाबरू नका. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या आल्या तर मात्र खोलायलाच लागतंय. दुधाळ ऑइल आणि कण नाहीत, असं असेल तर नवं ऑइल घालून थोडं चालवा, परत काढा, परत नवं घाला, म्हणजे आतलं पाणी निघतं. ग्रेड मॅन्युअलमधे दिलाय तोच. आवाज तरी राहिला तर बेअरिंग.

खोलायची वेळ आलीच तर क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदलायचे, एकटा पिनियन नवा घातला तर तो जुन्या क्राऊनबरोबर कधीच जुळत नाही. आणि बसवणाऱ्याकडं डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) आहे का ते आधी विचारा. दातांमधला प्ले मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यात ठेवायचा असतो, "हातानं हलवून अंदाज येतो मला" म्हणणाऱ्याकडनं गाडी परत आणा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात काम करणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत, आपल्या गावात अंदाजावर काम करून घ्यायची काहीच गरज नाही.

काम झाल्यावर ब्रीदरला नळी लावून ती वर बॉडीपर्यंत न्या. स्वस्तातलं काम आहे, पुढच्या पावसाळ्याआधी करून टाका.

प्रश्न (कागल): आमची बोलेरो फोर बाय फोर रोज शेतात जाते. काल उसातनं बाहेर आल्यावर खालनं फटफट फटफट आवाज, स्पीड वाढला की तो पण वाढतो. काय तुटलं असेल?

ताई, बहुतेक काही तुटलेलं नाही. इंजिन बंद करून, चाकाला दगड लावून खाली बघा, शाफ्टला पाचट नाहीतर ठिबकची नळी गुंडाळली असेल आणि तिचं सुटं टोक फ्लोअरला आपटत असेल. कोयत्यानं ओढू नका, वेढे उलट्या बाजूनं हातानं सोडवून काढा. मात्र सगळं काढा, कारण हौसिंगच्या तोंडाशी अडकलेलं पाचट पिनियनचं सील खातं, आणि मग महिनाभरानं ऑइल गळतंय म्हणून परत यायला लागतं. तिथं ओलसर दिसलं तर ऑइलची लेव्हल बघून घ्या.

प्रश्न (गगनबावडा): पावसात ग्रिप मिळावी म्हणून घाटात डांबरी रस्त्यावर फोर हाय (नेहमीच्या स्पीडची फोर बाय फोर) टाकून चालवतो. वळणावर खाडकन आवाज येतो आणि घरी आल्यावर लिव्हर निघतच नाही. गिअर तुटलाय का?

अजून तुटला नसेल, पण तुम्ही त्याच वाटेवर आहात. पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरत्या टाकायच्या, फोर बाय फोरमधे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, मधे डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मोठ्या गोलातनं जातात, त्यांना जास्त फिरायचं असतं आणि फिरता येत नाही. चिखलात चाक थोडं घसरून हिशेब भागवतं. डांबरावर, ओलं असलं तरी, टायर धरून ठेवतो, मग तो पीळ शाफ्टात आणि ट्रान्सफर केसमधे साठत जातो आणि मधेच सुटतो, तोच तुमचा खाडकन आवाज. लिव्हर पण ह्या पिळानंच अडकते, तिच्यावर जोर करू नका. सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लिव्हर अलगद येते. घाटात टू व्हील ड्राइव्ह, चांगले टायर आणि कमी स्पीड. फोर हाय मातीवर आल्यावर.

प्रश्न (कोल्हापूर): नवीन मड टायर घातल्यापासनं घूं घूं आवाज आहे. टायरचाच आहे म्हणून सोडून दिला होता पण आता वाढल्यासारखा वाटतोय. व्हील बेअरिंग असेल का?

असू शकतं, आणि मड टायर घातलेल्या लोकांचं बेअरिंग असंच आवाजात लपून राहतं. रस्ता बदलला की, म्हणजे डांबरावरनं काँक्रीटवर आलं की आवाजाचा सूर बदलला तर टायर. रस्ता कुठलाही असला तरी तोच सूर राहिला तर बेअरिंगचा संशय घ्या. मोकळ्या रस्त्यावर हलकं उजवीकडं डावीकडं घेऊन बघा, उजवीकडं वळताना डाव्या चाकांवर भार येतो, तेव्हा आवाज वाढला तर डावीकडचं बेअरिंग, आणि उलटं तर उजवीकडचं.

मग जॅक लावा, खाली स्टँड द्या, चाक वर आणि खाली धरून हलवा, खटका लागतो का बघा. खटका नसला तरी एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हातानं चाक फिरवा, खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू यायच्या आधी स्प्रिंगमधनं हाताला कळते. आणि जोतिबाला वगैरे जाऊन आलात की थांबल्या थांबल्या चारी हबजवळ, म्हणजे चाकांच्या मध्यभागाजवळ, सावकाश हात नेऊन बघा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल, आणि त्या चाकाचा ब्रेक जाम नसेल, तर ती गाडी दुसऱ्या दिवशी बाहेर काढू नका.