पट्टे काढले म्हणून संपलं

"मॅडम, शरीराचं काही नाही हो. ऐन वेळी मनच दगा देतं."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने 'शरीराचं' म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. समुपदेशनासाठी माझ्याकडे पळणारे येतात, सायकलवाले येतात, अलीकडे रोइंग मशीनवालेही येतात, म्हणजे व्यायामशाळेत बसून वल्हवल्यासारखं हँडल ओढणारे. लांब पल्ला ठरवायचा, त्याच्या तयारीत आठवडे घालवायचे आणि मध्येच हँडल ठेवून उठायचं. मग चार दिवस स्वतःला बोल लावायचे. पन्नाशीतल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा पुसून. भेटी सहा झाल्या, इथे त्यातलं थोडंच येईल.

त्यांना मशीनवर हाफ मॅरेथॉन करायची होती, म्हणजे 21,097 मीटर. तीन प्रयत्न झाले होते आणि तिन्ही आठ हजारांच्या आसपास संपले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी नोंदवही माझ्यासमोर ठेवली, पुरावा दाखल करावा तशी.

"आठ हजारांवर नेमकं काय होतं?"

"मॉनिटरवर तेरा हजार शिल्लक दिसतात."

"मग?"

"मग वाटतं, आपल्याच्याने हे होणार नाही."

मी वही चाळली. दर 500 मीटरला 2:30, म्हणजे अडीच मिनिटं, असा वेग ठरवलेला, आणि तिन्ही वेळा सुरुवात 2:15 ने. "सुरुवातीला हलकं वाटतं ना," ते म्हणाले. वाटणारच. पण मशीनचा हिशेब सरळ नसतो, वेग वाढवला की लागणारी ताकद त्याच्या घनाने वाढते. 2:30 ला साधारण 104 वॅट लागतात, 2:15 ला 142. म्हणजे ठरवल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद ते पहिल्या अर्ध्या तासातच खर्च करत होते. त्यात रोजचा सराव कधी 5,000 मीटरच्या पुढे गेलेला नाही, आणि डॅम्पर, म्हणजे मशीनच्या पंख्याला किती हवा मिळेल ते ठरवणारा खटका, कायम सर्वांत वरच्या 10 वर. आकडा मोठा म्हणजे व्यायाम मोठा, हा समज पुरुषांमध्ये जरा जास्तच दिसतो. प्रत्यक्षात 10 वर जड होडी ओढल्यासारखं होतं आणि पाठ आधी थकते. लांब पल्ल्याला बहुतेकांना 3 ते 5 पुरतं.

मनावर आळ घेतला की वहीकडे बघावं लागत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही कंटाळवाणी कामं देते. आठवड्यातून एक लांब फेरी करा आणि ती हळूहळू वाढवा: सहा हजार, आठ, दहा, बारा, पंधरा. मिनिटाला 20 च्या आसपास स्ट्रोक, म्हणजे हँडलचे ओढे, बोलता येईल इतका श्वास. हँडल बोटांत अडकवल्यासारखं धरा, आवळू नका, नाहीतर फोड येतात. बसायला घडी केलेला टॉवेल, शिवण टोचणार नाही अशी पँट, समोर वारा, हाताशी पाणी. आणि या सगळ्याची परीक्षा सरावात घ्या, त्या दिवशी नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, पाठीत कळ गेली, तर मात्र थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. 'नकोसं होणं' आणि 'दुखणं' यांतला फरक प्रत्येकाने आपापल्या शरीरात शिकून घ्यावा लागतो, मला तो बाहेरून सांगता येत नाही.

मशीनची एक गोष्ट मला फार जाणवते. होडीत वल्हवणाऱ्याची पाठ मुक्कामाकडे असते. त्याला मागे पडलेलं पाणी दिसतं. मशीनवर मात्र शिल्लक मीटर डोळ्यांसमोर दोन तास नाचत राहतात. त्यातून रस्त्यावर धावणारा पाच किलोमीटरवर कंटाळला तरी त्याला तेवढंच परत यावं लागतं. मशीनवरून उठलं की दार दोन पावलांवर. मी त्यांना शिल्लक मीटरच्या आकड्यावर कागद चिकटवायला सांगितलं. ते हसले, पण त्यांनी चिकटवला.

तरी साडेदहा हजारांवर ते पुन्हा उठले. चौथ्या भेटीला चेहरा पडलेला.

"उठलात ते सावकाश सांगा. आधी काय केलंत?"

"हँडल ठेवलं."

"नंतर?"

"पायाचे पट्टे काढले."

"आणि या दोन्हींच्या मध्ये?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मशीनचा पंखा फिरत होता. आवाज हळूहळू खाली येत गेला. तो बंद पडेपर्यंत मी ऐकत बसलो."

"घड्याळ?"

"ते चालूच असतं."

"तेव्हा हँडल परत उचललं असतं तर?"

"तसं चालतं?"

मी उत्तर दिलं नाही. वीस वर्षांत एवढं शिकले आहे, की अशा वेळी गप्प बसण्यात निम्मी कमाई असते. ते टेबलाकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी थांबलो म्हणून संपलं नाही. पट्टे काढले म्हणून संपलं."

त्यांच्या डोक्यात दोनच खोल्या होत्या: ठरल्या वेगाने जाणं, नाहीतर हरणं. थकवा आला की पहिलीतून थेट दुसरीत. 'मी करू शकतो' अशी वाक्यं स्वतःला ऐकवून पाहिली होतीच, पण त्या वाक्यांशी मन वाद घालतं आणि दमलेला माणूस वादात हरतो. काही सहकाऱ्यांना माझं हे म्हणणं पटत नाही. माझा अनुभव असा, की 'सोडून दे' या विचाराला गप्प करण्याची गरज नसते. तो बडबडत असताना हाताला करण्यासारखं काही हवं.

म्हणून त्यांना मी थांबण्याचाच सराव दिला. साधारण दर वीस मिनिटांनी, एकूण चार वेळा, हँडल ठेवायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, पंखा गप्प होण्याआधी पुन्हा उचलायचं. पट्ट्यांना हात लावायचा नाही.

"ही फसवाफसवी नाही का?"

मी कागद पुढे केला. चार वेळा पंधरा सेकंद म्हणजे एक मिनिट. 21,097 मीटरमध्ये पाचशेचे 42 तुकडे, दर तुकड्यामागे दीड सेकंदही येत नाही. कागद घडी करून त्यांनी वहीत ठेवला.

पुढच्या दोन महिन्यांत माझं काम फारसं उरलं नाही. शेवटच्या भेटीला ते आले तेव्हा तळहातावर दोन फोड होते, दाखवायला आणल्यासारखे. चार थांबे ठरलेले होते, पाचवा चौदा हजारांवर अचानक घ्यावा लागला होता. "तिथे वाटलं, झालं आता. मग पंख्याकडे कान दिला." वेळ किती लागला, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, एक तास एकोणपन्नास मिनिटं. आणि लगेच घाईने, "त्यातलं सव्वा मिनिट पाण्याचं."