‘ह्येची हंडी फुटनाच नाय’

“बाई, पोराक मोबायलान गिळल्यान.” कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतं. म्हणणारे बहुतेक वेळा आजी-आजोबा असतात, कारण मुलांचे बाप मुंबईत नाहीतर बोटीवर. पुढचा प्रश्नही ठरलेला: हे व्यसन आहे का? आणि मोबाईल काढून घ्यावा का?

उत्तर म्हणून एका घराचं सांगते. ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.

मालवणच्या बाजूचं किनाऱ्यावरचं घर. आजोबांची हयात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्याच्या मासेमारीवर, गेलेली. नातू दहावीत, रात्री दीड-दोनपर्यंत रील्स बघायचा आणि वर्गात पेंगायचा. आजोबांनी फोन तांदळाच्या पिंपात लपवला, तर पोरगा दोन दिवस जेवला नाही. मग आई दोघांना घेऊन माझ्याकडे आली.

मुलाला एकटं बसवून मी समजावत नाही. घरातल्या माणसांमध्ये जे अडलेलं असतं ते त्याच माणसांमध्ये सुटतं, असं मी इतकी वर्षं मानत आले आहे. तिघांना समोर बसवलं. पहिल्या दोन भेटींत आजोबा बोलले आणि पोरगा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. “आमी मोबायलाशिवाय जगलोच मां?” हे मी चार वेळा ऐकलं.

तिसऱ्या भेटीत मी नातवाला सहज विचारलं, “घरात रात्री आणखी कोण जागं असतं?” त्याने पहिल्यांदा मान वर केली. आजोबा रोज पडवीत बसून यूट्यूबवर डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची भजनं लावतात, मोठ्या आवाजात, अकरा-साडेअकरापर्यंत. “आजो, तुमी बघतास ता भजन, आणि मी बघतंय ता याड?”

आई घाबरली. मी मध्ये पडले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिची कड बोटांनी सारखी केली. मग म्हणाले, “मी ह्येच्यापेक्षा ल्हान होतंय. जत्रेत धयकालो बघूक रात्रभर जागलंय. सकाळी रापणीर झोपलंय म्हणान बापाशीन शिपटेन झोडल्यान.”

धयकालो म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं दशावतारी नाटक. पोराला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तो हसला, आजोबाही हसले. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. आता “प्रत्येक पिढीला आपापलं वेड” एवढं सांगितलं की पुरे. तेवढ्यात आजोबा पुन्हा बोलले. “पण बाई, पहाटे हंडी फुटली की धयकालो सरता. ह्येची हंडी फुटनाच नाय.”

त्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. इतकी वर्षं मी पालकांना ‘किती तास’ आणि ‘काय बघतो’ हे विचारत होते. आजोबांनी नेमकं दाखवलं: शेवट कुठे आहे? दशावतार दहीकाल्याने संपतो, पुस्तकाचं पान संपतं, रापण ओढून झाली की माणूस घरी येतो. रील्स मात्र बोटाखाली सरकतच राहतात, आणि ते मुद्दाम तसे घडवलेले आहेत. न संपणाऱ्या पानाची ही युक्ती २००६ साली काढणाऱ्या अझा रॅस्किन यांनीच पुढे तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. मोठी माणसं जिथे अडकतात तिथे पंधरा वर्षांच्या पोराने एकट्याने थांबावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून फोन पिंपात लपवू नका, त्याला शेवट द्या. शेवटाची वेळ मुलालाच ठरवू द्या आणि घरातल्या सगळ्यांना ती लागू करा. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करा. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे दहाला झोप आली नाही तर तो आळस समजू नका. झोप मात्र ८ ते १० तास लागतेच.

आणि व्यसन हा शब्द जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. पण तिथेही ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे साधारण १२ महिने चाललेलं असावं लागतं. मूल शाळा, मित्र, जेवण सगळंच सोडत असेल तर मात्र वाट बघू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

त्या घरात वेळ ठरली साडेदहाची. दोन्ही फोन पडवीतल्या कोनाड्यात जातात, आजोबांचा आधी. नातू ओरडतो, “आजो, हंडी फोडा!” तीन महिन्यांनी आईचा फोन आला. वर्गातलं पेंगणं बरंच कमी झालंय म्हणाली. नियम अधूनमधून मोडतो. एकदा पोराने मोडला होता, दोनदा आजोबांनी, बारी रंगात आली होती म्हणून.