प्ले दाबण्याआधीची दोन मिनिटं

"मॅडम, तो रात्र रात्र सिरीज बघतो. अभ्यासाचं नाव काढलं की उठून जातो." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय, की फोनवर अर्धं कानावर पडलं की उरलेलं मला पाठ असतं. मुलं स्वतःहून येतात तेव्हा शब्द वेगळे असतात: "एकच एपिसोड म्हणून बसते आणि पहाट होते." त्यात कॉम्प्युटर सायन्सची मुलं बरीच. त्यांचा अभ्यास ज्या स्क्रीनवर, पळवाटही त्याच स्क्रीनवर. यातल्याच एका मुलाची गोष्ट त्याच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

तो दुसऱ्या वर्षाला होता. डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे संगणकात माहिती कशी रचून ठेवायची, या विषयाची तीन सबमिशन्स थकलेली. पहिल्या भेटीला आई बरोबर आल्या होत्या आणि बहुतेक वेळ त्याच बोलल्या. वायफायचा पासवर्ड बदलून झाला होता, मोबाइल काढून घेऊन झाला होता. तो मान खाली घालून ऐकत होता. निघताना एवढंच म्हणाला, "मी आळशी आहे. मला माहितीय."

स्वतःला लावलेलं असं लेबल मी लगेच खोडायला जात नाही. खोडलं की मूल ते आणखी घट्ट धरतं.

दुसऱ्या भेटीला तो एकटा आला. काय काय बघतोस, असं विचारलं तेव्हा पहिल्यांदा खुलला. महिन्याभरापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी पाहिलेल्या सिनेमातला एक प्रसंग त्यानं मला हातवारे करून सांगितला: माणूस खोलीतून निघून जातो, पण कॅमेरा मात्र बंद दारावरच थांबून राहतो, कितीतरी वेळ. "तेव्हा कळतं मॅडम, की तो परत येणार नाहीये."

"आणि काल रात्री काय बघितलंस?"

"चार एपिसोड."

"काय झालं त्यात?"

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. थोड्या वेळानं म्हणाला, "नीट आठवत नाही."

इथे माझे कान टवकारले. महिन्यापूर्वीचं दार लख्ख आठवतंय आणि कालचे चार एपिसोड पुसले गेलेत. आवडीनं बघितलेलं माणूस असं विसरत नाही. म्हणजे काल रात्री तो सिरीज बघत नव्हताच, दुसरंच काहीतरी करत होता.

मी त्याला वही घालायला सांगितली. "बघणं कमी करू नकोस. फक्त प्ले दाबण्याआधी घड्याळ बघ, आणि त्याच्या लगेच आधी काय करत होतास ते एका ओळीत लिही." तो हसला आणि त्यानं मला ९ सप्टेंबर १९४७ ची गोष्ट सांगितली. हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, एक पतंगाचा किडा अडकलेला सापडला, आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवून खाली लिहून ठेवलं, की खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. यंत्रातल्या किंवा प्रोग्रॅममधल्या चुकीला ते लोक बग, म्हणजे किडा, म्हणतात. "म्हणजे तुम्ही मला लॉगबुक लिहायला सांगताय," तो म्हणाला. मला हे सुचलं नसतं. पण वही त्याच्या भाषेत बसली, आणि म्हणूनच तो ती लिहील याची मला खात्री वाटली.

आठवड्यानं वही माझ्यासमोर आली. बारीक अक्षरात नऊ नोंदी. रात्री ११.१० : सेगमेंटेशन फॉल्ट. ११.१२ : एपिसोड. पुढच्या दिवशी १०.४७ : सेगमेंटेशन फॉल्ट. १०.४९ : एपिसोड. नऊपैकी सात नोंदी अशाच.

"हे दोन शब्द म्हणजे काय, मला समजेल असं सांग."

"प्रोग्रॅमनं मेमरीत अशा ठिकाणी हात घातला जिथे त्याला परवानगी नाही. मग सिस्टिम त्याला बंद करते. बाकीच्या एररमध्ये निदान ओळ क्रमांक येतो. यात फक्त हे दोन शब्द. कुठे चुकलं ते सांगतच नाही."

"ते दिसल्यावर मनात काय येतं?"

"काही नाही. कंटाळा येतो."

"कंटाळा यायला दोन मिनिटं पुरतात?"

तो गप्प झाला. अशा वेळी मी घाई करत नाही. नवी असताना करायची आणि हातात आलेलं घालवून बसायची. बऱ्याच वेळानं तो वहीकडे बघतच बोलला, "बाकीच्यांचं चालतं. माझंच चालत नाही. म्हणजे मला यासाठी डोकंच नाही. उगाच सगळ्यांना वाटलं मी हुशार आहे."

मी वही त्याच्याकडे फिरवली. "त्या दोन शब्दांत हे कुठे लिहिलंय ते दाखव."

तो खरोखरच शोधत असल्यासारखा त्या ओळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही लिहिलेलं. हे मी जोडलं."

मी ज्या परंपरेत शिकले तिचा पाया मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये घातला. घटना आणि तिच्यामुळे होणारा त्रास यांच्यामध्ये माणूस स्वतःशी एक वाक्य बोललेला असतो, ते वाक्य शोधायचं, एवढं त्यातलं मर्म मी इतकी वर्षं हाताशी धरून आहे. पण ते वाक्य समोरच्यानं स्वतः पकडावं लागतं. "हे मी जोडलं" हे तीन शब्द मी त्याच्या तोंडी घातले असते तर तो "हो मॅडम" म्हणून निघून गेला असता. ते त्याचे होते. त्या दिवशी मी त्यावर एक शब्दही अधिक बोलले नाही, आणि ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं.

पुढच्या भेटीत मी त्याला मॉरिस विल्क्स यांच्याबद्दल सांगितलं. १९४९ मध्ये केंब्रिजला एडसॅक हा संगणक उभा करणारे ते. त्यांनी आठवणींत लिहिलंय, की जिन्याच्या वळणावर एकदा त्यांना लख्ख जाणवलं, आपल्या उरलेल्या आयुष्यातला मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. त्या काळच्या त्यांच्या १२६ ओळींच्या एका प्रोग्रॅममध्ये वीसेक चुका होत्या. पुढे १९६७ चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, त्यांनाच मिळालं.

"वीस?" त्यानं विचारलं. तो चेहरा मला अजून आठवतो.

मग आम्ही एकच गोष्ट ठरवली. एरर आली की दहा मिनिटं खुर्ची सोडायची नाही. डीबगर, म्हणजे चूक शोधायला मदत करणारा प्रोग्रॅम, लावायचा, किंवा कोड ओळीओळीनं मोठ्यानं वाचून दाखवायचा. प्रोग्रॅमर लोक रबरी बदकाला समोर ठेवून तसं करतात, हे त्यानंच सांगितलं. दहा मिनिटांनी जमलं नाही तर कुठे अडलं ते वहीत लिहून लॅपटॉप बंद. पहिल्या आठवड्यात पाचपैकी दोनच दिवस जमलं, आणि मला ते पुरेसं होतं. तिसऱ्या आठवड्यात चूक सापडली: लिंक्ड लिस्टमधून, म्हणजे एकाला एक जोडलेल्या नोंदींच्या यादीतून, नोंद काढून टाकताना यादी मुळात रिकामी आहे का, हे तपासायचंच राहिलं होतं. दुरुस्ती एका ओळीची.

आयांना आणि बाबांना मी कळकळीनं सांगते, पासवर्ड बदलू नका. पळवाट बंद केली तरी ज्याच्यापासून मूल पळतंय ते तिथेच राहतं, आणि मूल दुसरी वाट शोधतं. "किती वेळ बघितलंस?" याऐवजी "कुठे अडलंय?" असं एकदा विचारून बघा, आणि उत्तर आलं नाही तर शेजारी बसून राहा. कोडिंग तुम्हाला कळत नसलं तरी चालेल. मुलांना माझं सांगणं, सिरीजला शत्रू करू नका. फक्त पुढचा एपिसोड आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. नेटफ्लिक्सनं ती २०१२ मध्ये आणली, आणि "आता थांबू का?" हा प्रश्न मनात यायची फटच तिनं बुजवून टाकली. आणि वही घाला. तुमच्या वहीत एररऐवजी दुसरं काही निघेल: न उचललेला फोन, घरातलं भांडण, एकटेपणा. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. घरच्या कुणाला तरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

शेवटच्या भेटीला तो वही घेऊन आला तेव्हा एक सबमिशन अजून बाकी होतं. त्याच सबमिशनची ताजी नोंद अशी होती. १०.५२ : सेगमेंटेशन फॉल्ट. ११.०५ : अजून तेच, बहुतेक डिलीट फंक्शनमध्ये. ११.०७ : झोपलो.

"आणि सिरीज?" मी विचारलं.

"शनिवारी दोन एपिसोड बघितले. त्यात एक म्हातारा वकील आहे मॅडम, तो खोटं बोलायच्या आधी दर वेळी चष्मा पुसतो. कुणाच्या लक्षातच येत नाही..." पुढे वीस मिनिटं तो त्या वकिलाबद्दल सांगत होता. आमची वेळ संपून गेली होती. मी त्याला थांबवलं नाही.