इनस्क्रिप्ट (मराठी टाइप करायची कीबोर्ड मांडणी) शिकताय? आधी एवढंच करा

कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावू नका. ते असले की डोळे खालीच राहतात आणि बोटं स्वतःहून चालायला शिकत नाहीत.

- तर्जन्या एफ आणि जे कळींच्या उंचवट्यांवर. तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि र.
- डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. क-ख, त-थ, प-फ एकाच कळीवर, दुसऱ्याला शिफ्ट. फार विचारपूर्वक केलेली मांडणी आहे ही!
- वेलांटी नेहमी व्यंजनानंतर. ‘नाशिक’मध्ये आधी श, मग वेलांटी. टाइपरायटरवर शिकलेले इथेच अडखळतात.

वेग मोजू नका. रोज थोडा वेळ सातपूर, पंचवटी, मखमलाबाद, देवळाली अशी ओळखीची नावं लिहा. चुकलं तर अख्खा शब्द पुन्हा. जोडाक्षरं नंतर, त्र्यंबकेश्वर पुढच्या महिन्यात.