डिस्क कपाटात, गेम ऑनलाइन: असे उसने देता येते का?

प्रश्न : माझ्याकडे रीतसर विकत घेतलेल्या गेमच्या आणि चित्रपटांच्या बऱ्याच डिस्क आहेत. त्यांच्या फाइली करून सर्व्हरवर ठेवाव्यात असा विचार आहे. एका वेळी एकालाच द्यायचे, चौदा दिवसांनी फाइल आपोआप बंद पडेल, पैसे घ्यायचे नाहीत आणि मूळ डिस्क तोवर माझ्या कपाटात कुलपात राहील. वाचनालय पुस्तक देते, तसेच हे झाले. मग यात बेकायदा काय?

उत्तर : तुमचा हेतू स्वच्छ आहे, योजनाही विचार करून आखली आहे. तरी सांगते, हे करू नका.

माझी सगळी नोकरी वाचनालयाच्या देवघेव विभागात गेली, त्यामुळे तुमचा युक्तिवाद मला मनापासून पटतो. पण वाचनालय पुस्तक देऊ शकते ते एका जुन्या तत्त्वाच्या जोरावर. प्रत एकदा विकली गेली की तिच्यापुरता प्रकाशकाचा विक्रीवरचा हक्क संपतो. अमेरिकेत एका प्रकाशकाने 'ही कादंबरी एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये' असे पुस्तकातच छापले होते. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट दुकानदारावर बंधनकारक नाही असे ठरवले. तेव्हापासून घेतलेली प्रत विकणे, भेट देणे, वाचायला देणे ही मालकाची मर्जी.

मात्र ही मर्जी त्याच प्रतीपुरती चालते. नवी प्रत काढण्याचा हक्क वेगळा, आणि तो डिस्कबरोबर तुम्हाला मिळालेला नाही. तुम्ही फाइल केलीत ही एक प्रत, सर्व्हरवर चढवली ती दुसरी, समोरच्याने उतरवून घेतली ती तिसरी. कपाटातली डिस्क जागची हललेलीच नाही. शिवाय डिस्कवर कॉपी-संरक्षण असेल तर ते तोडण्याविरुद्ध अमेरिकेत १९९८च्या कायद्याने आणि भारतात २०१२च्या दुरुस्तीने स्वतंत्र तरतूद केलेली आहे.

'पण माझ्याकडची प्रत मी पुसून टाकली तर?' हाही मार्ग एका कंपनीने चोखाळून पाहिला. रीडिजी ही अमेरिकी कंपनी लोकांनी विकत घेतलेली डिजिटल गाणी पुढे विकायची सोय करत होती. त्यांची प्रणाली गाण्याचे बारीक तुकडे करून पाठवायची आणि एकेक तुकडा पुढे गेला की विकणाऱ्याच्या संगणकावरून तो पुसायची. पूर्ण गाणे एकाच वेळी दोन ठिकाणी राहू नये, एवढी काळजी! न्यायालयाने २०१३ मध्ये आणि अपिलात २०१८ मध्येही सांगितले, की सर्व्हरवर जे उतरले ती नवीच प्रत आहे. मला हा निकाल आजही कठोर वाटतो. पण कायद्यातले शब्द वाचले तर न्यायाधीशांना दुसरीकडे जायला फारशी वाट नव्हती.

तुमच्या योजनेला सगळ्यात जवळचा खटला इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकी ऑनलाइन ग्रंथसंग्रहाचा. छापील पुस्तक कुलपात, त्याची स्कॅन केलेली प्रत एका वेळी एकाच वाचकाला, ठरावीक मुदतीसाठी: हुबेहूब तुमचीच कल्पना. मार्च २०२० मध्ये साथीमुळे वाचनालये बंद झाली, तेव्हा त्यांनी 'एका वेळी एक' ही मर्यादा काही काळ उठवली. चार मोठ्या प्रकाशकांनी जूनमध्ये दावा लावला, आणि तो त्या तात्पुरत्या सवलतीवरच थांबला नाही, मूळ पद्धतीवरही गेला. १२७ पुस्तके पुढे करून खटला चालला. २०२३ मध्ये संस्था हरली, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरली. अपील न्यायालयाने हा वापर नफ्यासाठी नाही हे मान्य केले होते, तरी निकाल बदलला नाही. म्हणून 'मी पैसे घेत नाही' या मुद्द्यावर फार विसंबू नका.

युरोपात चित्र थोडे वेगळे. डाउनलोड करून घेतलेले, कायमच्या परवान्याचे सॉफ्टवेअर पुढे विकता येते असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले, आणि २०१६ मध्ये सार्वजनिक वाचनालयांना एका वेळी एक या अटीवर ई-पुस्तके देण्याची वाट मोकळी केली. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने वापरलेल्या ई-पुस्तकांची ऑनलाइन विक्री नाकारली. गेमचे काय, यावर पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की गेम म्हणजे नुसते सॉफ्टवेअर नव्हे, तेव्हा २०१२चा नियम त्याला लागू नाही.

प्रश्न : मग मित्राला माझ्या खात्याचा पासवर्ड दिला तर?

उत्तर : गेम विकणाऱ्या बहुतेक ऑनलाइन दुकानांच्या अटींत ते निषिद्ध असते आणि खाते बंद होऊ शकते. त्यापेक्षा अधिकृत सोय वापरा. स्टीम या संगणकी गेमच्या ऑनलाइन दुकानात सहा जणांपर्यंतचे कुटुंब करता येते, मात्र एका प्रतीवर एका वेळी एकच जण खेळेल. तुमच्या प्रतीवर कुणी लबाडी करून बंदी ओढवून घेतली तर त्या गेममध्ये बंदी तुमच्यावरही येते, तेव्हा माणसे पारखून घ्या. निन्टेन्डो या गेम-कंपनीने २०२५ पासून डिजिटल गेम कुटुंबगटातल्या व्यक्तीला चौदा दिवसांसाठी देण्याची सोय केली आहे.

प्रश्न : जो जुना गेम आता कुठेच विकत मिळत नाही, तो तरी ऑनलाइन द्यायला काय हरकत?

उत्तर : विक्री थांबली म्हणून कॉपीराइट संपत नाही. हे लिहिताना मला मनस्वी वाईट वाटते. जुने गेम जतन करणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. वाचनालयांनी असे गेम संशोधकांना दुरून वापरू द्यावेत अशी मागणी होती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती २०२४ मध्ये फेटाळली. संशोधकाला संग्रहालयाच्या दारापर्यंत जावेच लागते. जो गेम कुणी विकतच नाही, तो अभ्यासाला दिल्याने कुणाचा गल्ला रिकामा होतो? ही सूट मिळायला हवी आणि वाचनालयांनी ती पुन्हा पुन्हा मागायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

तोवर तुमच्या डिस्क हातोहात द्या, त्याला अडचण नाही. भाडे घेणार असाल तर मात्र देशागणिक नियम बदलतात. अमेरिकेत सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला मनाई असली तरी कन्सोलच्या (फक्त गेम खेळायच्या यंत्राच्या) गेमना १९९० पासून त्यातून सूट आहे. भारतात चित्रपट आणि सॉफ्टवेअर व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क डिस्कच्या नव्हे, तर कॉपीराइटच्या मालकाकडे आहे, पण नफा न कमावणारे वाचनालय रीतसर घेतलेली प्रत सभासदांना देऊ शकते. डिस्क पुष्कळ असतील तर त्या एखाद्या अशा वाचनालयाला देऊन टाकण्याचा विचार जरूर करा. नोंदवहीत कशा चढवायच्या हे कळवले तर मी आनंदाने सांगेन.