वाचक विचारतात : गाडी लावू कुठे, आईला बसवू कुठे?

प्रश्न : जुलैत अमेरिकेत कॅन्सस सिटीला मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन आम्ही चौघं पश्चिमेकडे निघणार आहोत. ट्रूमन आणि आयसेनहॉवर या अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांची ग्रंथालयं-संग्रहालयं बघायची आहेत. आई ७६ वर्षांची, गुडघे दुखतात, इन्सुलिन चालू आहे. आम्ही आत असताना ती गाडीत एसी लावून पडली तर चालेल ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नको. छतावरचा एसी चालू असताना दीड हजार वॅटच्या आसपास वीज खातो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १२०० वॅट-तास असतात आणि साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून त्यातले निम्मेच वापरावेत. म्हणजे इन्व्हर्टर असला तरी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. कॅम्पग्राउंडवर, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावतात तिथे, ३० अँपिअरचं कनेक्शन मिळतं म्हणून तिथे एसी रात्रभर चालतो. संग्रहालयाच्या पार्किंगमध्ये असा प्लग असेल हे गृहीत धरू नका.

राहिला जनरेटर. तो गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल घेतो आणि टाकी पाव भागावर आली की आपोआप बंद पडतो. तुम्ही रस्त्यात अडकू नये म्हणून त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते. आत झोपलेल्या माणसाला हे कळणार नाही, आणि बाहेर ऊन पस्तिशीच्या घरात. त्यात धुराचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याचा धोका वेगळाच. आईंना सोबतच न्या. दोन्ही ठिकाणी आधी फोन करून व्हीलचेअरची आणि २५ फुटी गाडी कुठे लावायची याची चौकशी करा. मोटारींच्या रांगेत ती मावत नाही, बहुधा बसच्या जागेत पाठवतात.

ॲबिलीन गावी आयसेनहॉवर यांचं लहानपणीचं घर, संग्रहालय, ग्रंथालय आणि समाधी अशा वेगवेगळ्या इमारती एकाच आवारात आहेत. उन्हातलं चालणं सकाळीच उरका. इंडिपेंडन्स गावी ट्रूमन यांच्या संग्रहालयात चित्रकार थॉमस हार्ट बेंटन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. आईंना तिथे निवांत बसू द्या. दोन्ही एका दिवसात कोंबू नका, मध्ये अडीचशे किलोमीटर आहेत.

इन्सुलिनबद्दल : गॅसवर चालणाऱ्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, अमोनियाचं द्रावण उतारानेच फिरतं. गाडी तिरकी उभी राहिली तर ते अडतं आणि फ्रीज थंडावा धरत नाही. म्हणून सपाट जागा बघा आणि औषध थंड पिशवीत घालून सोबत ठेवा.

प्रश्न : मुलगी इतिहासात एम.ए. करते. ट्रूमन-आयसेनहॉवर यांच्या ग्रंथालयांत नेहरूंसंबंधीची कागदपत्रं बघता येतील का?
— एक वाचक, दादर

उत्तर : येतील, पण नुसतं जाऊन उभं राहून नाही. ‘ग्रंथालय’ म्हटलं तरी हे खरं म्हणजे दफ्तरखाना आहे. संग्रहालयाला तिकीट असतं, संशोधन कक्षाला नाही. नेहरू ऑक्टोबर १९४९ मध्ये ट्रूमन यांच्या काळात आणि डिसेंबर १९५६ मध्ये आयसेनहॉवर यांच्या भेटीला गेले होते; डिसेंबर १९५९ मध्ये आयसेनहॉवर भारतात आले. या तारखा धरून ऑनलाइन सूचीतून खोक्यांचे क्रमांक काढायचे आणि तिथल्या अभिलेखपालांना काही आठवडे आधी ईमेल करून वेळ ठरवायची. सोबत पासपोर्ट हवा. पेन आणि पिशवी बाहेर राहते, आत फक्त पेन्सिल. फोटो बिनफ्लॅशचे. त्या दिवशी बाकीच्यांनी संग्रहालय पाहावं. तिच्यासाठी पूर्ण दिवस सोडा, दोन तासांत एक खोकंही धड होत नाही.

प्रश्न : अमेरिकेत गाडी चालवायला मुंबईचं लायसन्स चालेल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, अर्ज ४-अ, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सही खिशात हवंच, एकटा परवाना पुरत नाही. आणि गाडीची उंची कागदावर लिहून काचेपाशी चिकटवा, फुटांत. तिथल्या पुलांवरचे फलक फुटांतच असतात.