ट्रान्समध्ये गाता आवाज हवा का?

अरे, तू ट्रान्सचा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा ट्रॅक करतोयस, तर गाता आवाज घातला की ट्रान्स बाटतो, हे कुणाचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. डेलेरियम या कॅनेडियन बँडचं ‘सायलेन्स’ ऐक. गायिका सारा मॅक्लॉक्लनच्या आवाजाशिवाय डच डीजे टिएस्टोचं त्याचं २००० सालचं रीमिक्स मला ऐकवणारच नाही. पण १३८ बीपीएमला (मिनिटाला १३८ ठोके) अख्खं धृपद-अंतरा कोंबलंस, तर सिंथची (सिंथेसायझरची) धून आणि गायिका एकमेकींच्या अंगावर येतात. म्हणून किक, म्हणजे ड्रमचा ठोका, थांबते त्या ब्रेकडाऊनमध्ये आवाज ठेव, तेव्हा लीड, म्हणजे सिंथची मुख्य धून, हळू कर. शब्द थोडे, स्वर लांब. आपल्या आलापाला शब्द लागतात कुठे? ओळ मराठी असली तर मला फारच आवडेल.

गाता आवाज वगळलेली प्रतही ठेव. दादरहून विरार लोकलमध्ये दोन्ही ऐक, बोरिवलीपर्यंत कुठली पुन्हा लावावीशी वाटली ते कळव.